प्रकाशन सोपे, माघार अवघड
जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले पॅकेज इतरांना वापरता यावे म्हणून प्रोग्रामर ते ‘एनपीएम’ या सार्वजनिक भांडारात ठेवतात. नाव व आवृत्ती क्रमांक ठरवून एक आज्ञा दिली, की ते जगाला खुले होते. मागे घेणे मात्र इतके सोपे नाही.

मार्च २०१६ मध्ये नावाच्या वादातून एका प्रोग्रामरने आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांचे काम अडले. अखेर चालकांनीच ते पूर्ववत उपलब्ध केले आणि नियम कडक केले. आता ७२ तासांनंतर, इतर पॅकेजेस अवलंबून असल्यास, ते परस्पर काढता येत नाही. काढलेल्या आवृत्तीचा क्रमांकही पुन्हा वापरता येत नाही. चूक आढळल्यास दुरुस्त आवृत्ती नव्या क्रमांकाने प्रसिद्ध करावी लागते.