भूल उतरल्यावर खांदा का दुखतो?

वजन घटवण्यासाठी केलेल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूल उतरली की घसा कोरडा पडतो, मळमळतं आणि अनेकांचा चक्क खांदा दुखतो. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल चुरचुरतं आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. काही दिवसांत ती ओसरते.

बहुधा त्याच दिवशी नर्स हाताला धरून चालवते. पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. पाणी घोटघोटच प्यायचं. काढलेल्या भागात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक तयार होत असल्याने भूक मंदावते. म्हणूनच प्रथिनं, बी-१२, लोह यांची आठवण ठेवून काळजी घ्यावी लागते. नाडी धडधडत राहिली, ताप आला किंवा पोटदुखी वाढली, तर लगेच डॉक्टरांना गाठा.