साथीची गिटार जेव्हा एकटीच बोलू लागते

वर्गात नुसतं वाद्य ऐकवलं की मुलं हमखास विचारतात, "बाई, गाणं कधी सुरू होणार?" प्रश्न रास्तच आहे. आपल्या कानांना शब्दांची सवय असते. शब्द काढून घेतले तर गाण्यात काय उरतं, हे समजून घ्यायला अमेरिकन गिटारवादक जॉन फेही (१९३९–२००१) यांचं उदाहरण फार चांगलं आहे.

फेही मेरीलँड राज्यातल्या टाकोमा पार्कमध्ये वाढले. त्यांना वेड लागलं जुन्या ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय लोकगायकांच्या गाण्यांचं. त्यात गिटार साथीला असते. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. वाजवणारा एकच, पण ऐकू येतात दोघं! मुलांना करून बघू द्या: एका हाताने बाकावर सारखा ठेका आणि दुसऱ्या हाताने पाठ असलेल्या कवितेची लय. बहुतेकांचा ठेका लयीच्या मागे पळतो.

सुरुवातीच्या काही रेकॉर्डवर फेही स्वतः गायलेही. पुढे त्यांनी गाणं सोडून साथीलाच मुख्य जागा दिली. पण अडचण बघा. गाण्यात चाल तीच राहिली तरी पुढच्या कडव्यात काय होतंय म्हणून आपण ऐकत राहतो. शब्द गेले की हे काम सुरांनीच करायचं! म्हणून फेही ओळखीची चाल मोडत, लय संथ करत, भलत्याच चालीत शिरत. तारा अशा जुळवत की न दाबताही त्या एकमेकींशी जमून घुमत राहतात. १९६६ च्या एका संग्रहातली त्यांची रचना तर १९ मिनिटांच्या आसपास चालते.

असलं संगीत छापणार कोण? १९५९ मध्ये त्यांनी स्वतःच पदरमोड करून पहिल्या रेकॉर्डच्या जेमतेम १०० प्रती काढल्या. कंपनीचं नाव गावावरून 'टाकोमा'. रेकॉर्डच्या एका बाजूला स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला 'ब्लाइंड जो डेथ' हे काल्पनिक अंध कलाकाराचं! ही गंमत मला जरा खटकते. ज्यांच्याकडून कला घेतली, त्यांच्याच नावांची ती नक्कल.

पण त्या माणसांना शोधायलाही फेहीच निघाले. १९६३ मध्ये त्यांनी विस्मृतीत गेलेले गायक बुक्का व्हाइट यांना मिसिसिपीतल्या अ‍ॅबर्डीनच्या पोस्टात पत्र टाकलं. पत्त्यात लिहिलं, 'जुने ब्लूज गायक'. व्हाइट तेव्हा मेम्फिसला होते. पत्र फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचलं, आणि त्यांची नवी रेकॉर्ड टाकोमानेच काढली.