कापूस-नोंदणीचे वेब ॲप्लिकेशन : प्रोग्रामिंग भाषेची निवड

कामाचे स्वरूप
यवतमाळ जिल्ह्यात कापसाची आवक दिवाळीच्या सुमारास वाढते आणि उन्हाळ्यात ओसरते. हमीभावाने विक्रीसाठी भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) २०२५ मध्ये ‘कपास किसान’ हे मोबाइल ॲप आणले. नोंदणी आणि विक्रीची तारीख देणारे असेच वेब ॲप्लिकेशन क्लाउडवर उभारायचे झाल्यास भाषेची निवड या हंगामी चढउताराशी जोडली जाते.

क्लाउडशी संबंध
क्लाउड म्हणजे भाड्याने घेतलेली संगणनक्षमता. भाडे मुख्यतः मेमरी, प्रोसेसर आणि वेळ यांवर आकारले जाते. त्यामुळे जास्त मेमरी लागणारी भाषा बिल वाढवते आणि सावकाश सुरू होणारी भाषा ऐन गर्दीत नवा सर्व्हर उशिरा उपलब्ध करते.

प्रमुख पर्याय
पीएचपीचे होस्टिंग स्वस्त व सर्वत्र मिळते. पायथन वाचायला सोपी आहे. तिच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये नोंदी तपासण्याची पाने जवळजवळ तयार मिळतात, मात्र जड गणनेत ती मंदावते. जावा मोठ्या व्यवस्थांत मुरलेली आहे, पण मेमरी अधिक घेते. नोड या रनटाइममुळे जावास्क्रिप्ट ब्राउझरप्रमाणे सर्व्हरवरही चालते. गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या गो भाषेतील प्रोग्राम क्षणात सुरू होतो व कमी मेमरीत चालतो.

देवनागरीची कसोटी
‘यवतमाळ’ या शब्दात वाचकाला पाच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये काना वेगळा मोजला जात असल्याने ती सहा चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट. लांबी विचारल्यावर पायथन सहा सांगते. पीएचपीचे साधे फंक्शन आणि गो अठरा सांगतात. हा फरक न जाणता लांबीची मर्यादा घातली, तर गावाचे किंवा शेतकऱ्याचे नाव मध्येच तुटते.

भाषेची मर्यादा
विक्रीची एकच वेळ दोन शेतकऱ्यांना दिली जाऊ नये, ही जबाबदारी भाषेची नव्हे, तर डेटाबेसमधील व्यवहार-नियंत्रणाची आहे. सातबाऱ्याचा गट क्रमांक शोधताना योग्य इंडेक्स नसेल, तर वेगवान भाषाही ताटकळत राहते.

निर्णायक निकष
ॲप्लिकेशन लिहिण्यापेक्षा ते सांभाळण्याचा काळ मोठा असतो. यवतमाळ, पुसद येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना येणारी भाषा निवडल्यास दुरुस्ती जिल्ह्यातच होते. त्या दृष्टीने पायथन आणि जँगो ही समतोल सुरुवात ठरते. मोजमापात एखादा भाग खरोखर अपुरा पडल्यास तेवढाच गोमध्ये लिहिता येतो.