हॉरर सिरीयलचा ॲनिमे कसा बनतो? समजून घ्या, मुरबाडच्या रस्त्यावरच्या 'चकव्या'सोबत

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला रात्री कधी बाइकने गेला आहात का? गेला असाल तर एक गोष्ट नक्की अनुभवली असेल. हेडलाइटच्या उजेडात जे दिसतं, त्याची भीती वाटत नाही. भीती वाटते ती उजेडाच्या कडेला जे दिसत नाही त्याची.

टीव्हीवरच्या हॉरर सिरीयल याच गोष्टीवर चालतात. आता विचार करा, तीच सिरीयल जपानी ॲनिमेशनमध्ये, म्हणजे ॲनिमेमध्ये करायची ठरली तर? तिथे कॅमेरा नाही, खरं जंगल नाही आणि खरा अंधारसुद्धा नाही. मग घाबरवायचं कसं? हे एकदा प्रत्यक्षात करून झालं आहे. ते कसं केलं आणि आपण आपल्या फोनवर त्यातलं काय करू शकतो, ते आज पाहूया.

खरं उदाहरण : सुपरनॅचरल

'सुपरनॅचरल' ही अमेरिकन सिरीयल २००५ मध्ये सुरू झाली आणि २०२० पर्यंत चालली. एकूण १५ सीझन आणि ३२७ भाग. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ गाडीतून गावोगाव फिरतात आणि भुताखेतांशी लढतात, अशी तिची गोष्ट.

२०११ मध्ये जपानच्या मॅडहाउस स्टुडिओने तिचा ॲनिमे केला : 'सुपरनॅचरल : द ॲनिमेशन'. मूळ सिरीयल वॉर्नर ब्रदर्सची आणि ॲनिमेच्या मागेही वॉर्नरचीच जपानी शाखा, त्यामुळे हक्कांचा प्रश्न घरातल्या घरातच सुटला. दिग्दर्शन शिगेयुकी मिया आणि आत्सुको इशिझुका यांचं.

आता गणित बघा. मूळ सिरीयलच्या पहिल्या दोन सीझनमध्ये मिळून ४४ भाग आहेत आणि प्रत्येक भाग साधारण ४० मिनिटांचा. ॲनिमेचे भाग फक्त २२ आणि प्रत्येक भाग साधारण २० मिनिटांचा. म्हणजे चार तासांची गोष्ट जवळपास एका तासात बसवायची! त्यातही सगळं मूळचंच ठेवलं नाही. भावांच्या लहानपणाचे प्रसंग आणि मूळ सिरीयलमध्ये नसलेले काही भाग नव्याने घातले.

आवाजाचीही एक गंमत आहे. इंग्रजी आवृत्तीत सॅमला मूळ अभिनेता जॅरेड पॅडलेकी याचाच आवाज आहे. डीनचं काम करणारा जेन्सन ॲकल्स मात्र फक्त शेवटच्या दोन भागांत ऐकू येतो. चेहरा चित्रातला असला तरी आवाज ओळखीचा हवा, असं चाहत्यांना वाटतंच.

ॲनिमेत फुकट काहीच मिळत नाही

'रात्रीस खेळ चाले' आठवते ना? २०१६ मध्ये झी मराठीवर आलेली ही मालिका सिंधुदुर्गातल्या आकेरी गावात एका खऱ्या घरात शूट झाली. त्या घराच्या जुन्या भिंती, अंगण, आजूबाजूची झाडं, संध्याकाळचा उतरता उजेड, हे सगळं कॅमेऱ्याला आपोआप मिळालं. वाऱ्याने एखादं पान हललं तर तेही रेकॉर्ड झालं.

ॲनिमेत ते पान कोणीतरी काढावं लागतं. ते हलवायचं असेल तर पुन्हा पुन्हा काढावं लागतं. अंधारसुद्धा ठरवून रंगवावा लागतो. आणि हाच लाइव्ह ॲक्शन आणि ॲनिमेमधला सगळ्यात मोठा फरक आहे. कॅमेऱ्यात काही गोष्टी नकळत येतात. चित्रात जे आहे, ते कोणीतरी ठरवलेलं आहे.

एका सेकंदात किती चित्रं?

ॲनिमेचा व्हिडिओ साधारण २४ फ्रेम प्रति सेकंद चालतो. २२ मिनिटांचा भाग धरला तर २२ × ६० × २४ = ३१,६८० फ्रेम. प्रत्येक फ्रेमसाठी नवं चित्र काढत बसले तर स्टुडिओ बुडेल. म्हणून एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात. तीन फ्रेम धरली तर सेकंदाला ८ चित्रांत काम भागतं. बोलण्याच्या प्रसंगात तर बऱ्याचदा चेहरा स्थिर असतो, फक्त ओठ हलतात.

कामाचे टप्पे साधारण असे :

- स्टोरीबोर्ड : प्रत्येक शॉट कसा दिसेल, किती सेकंद टिकेल, हे कागदावर ठरतं.
- मुख्य चित्रं : हालचालीतल्या महत्त्वाच्या पोझ अनुभवी कलाकार काढतात.
- मधली चित्रं : दोन पोझमधली जागा दुसरे कलाकार भरतात.
- रंग आणि बॅकग्राउंड : पात्रं वेगळी रंगवतात, मागचं दृश्य वेगळं.
- जोडणी : सगळे थर एकत्र करून त्यावर उजेड, धुकं, सावली टाकतात.
- आवाज : जपानमध्ये कलाकार बहुतेक वेळा चित्र समोर बघूनच संवाद बोलतात.

कमी हालचाल, जास्त भीती

तुम्ही म्हणाल, चित्रं कमी म्हणजे मजा कमी. हॉररमध्ये मात्र उलटं होतं. माणूस जिवंत असेल तर तो थोडा तरी हलतो, श्वास घेतो, डोळे मिटतो. चित्रातला चेहरा पाच सेकंद जराही हलला नाही, तर आपणच अस्वस्थ होतो.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या 'यामिशिबाई' या जपानी मालिकेने नेमकं हेच केलं. काही मिनिटांचे भाग, कागदी कटआउटसारखी चित्रं, हालचाल अगदी थोडी. मूळ कल्पना 'कामिशिबाई'ची. म्हणजे गोष्ट सांगणारा माणूस रस्त्यावर एकेक चित्र बदलत गोष्ट सांगतो. हे आपल्याला परकं नाही. आकेरीपासून जवळच असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार चित्रकथी अशीच सादर करत आले आहेत : हातात चित्र, तोंडी गोष्ट.

आता आपला चकवा

सुपरनॅचरलचे हक्क वॉर्नरकडे आहेत, मालिकांचे चॅनेलकडे. त्यांची पात्रं परवानगीशिवाय घेऊन ॲनिमे करणं कॉपीराइटमध्ये अडकू शकतं. लोककथा मात्र सगळ्यांची. आपल्या भागात चकव्याची गोष्ट कोणी ऐकली नाही? रात्री चालणारा माणूस वाट चुकतो आणि कितीही चालला तरी फिरून त्याच जागी येतो.

गंमत बघा, ॲनिमेशनमधली सगळ्यात स्वस्त युक्तीही हीच आहे! एक लांबट बॅकग्राउंड काढायचं आणि तेच पुन्हा पुन्हा सरकवायचं. इतर गोष्टींत ती काटकसर वाटते, चकव्यात तीच भीती होते. फ्लिपाक्लिपसारख्या ॲपमध्ये बोटानेही हे जमेल :

१. चालणाऱ्या माणसाची ८ चित्रं काढा. सेकंदाला ८ या वेगाने एका सेकंदात त्याची दोन पावलं पूर्ण होतात. मग हीच ८ चित्रं रिपीट करा.

२. वेगळ्या लेयरवर बॅकग्राउंडची लांब पट्टी काढा : सागाची झाडं, बांध, विहीर. माणूस मध्येच ठेवा, पट्टी मागे सरकवा.

३. पट्टी तीनदा फिरवा. पहिल्यांदा विहिरीवर कोरडा पोहरा टांगलेला. दुसऱ्यांदा तसाच. तिसऱ्यांदा पोहऱ्यातून पाणी ठिबकतंय. बस्स, भूत काढायची गरजच नाही.

४. रात्री घराबाहेर फोन ठेवून रातकिड्यांचा आवाज रेकॉर्ड करा. तिसऱ्या फेरीला तो एकदम बंद करा.

एक टेक्निकल सूचना. रेंज कमी असली की व्हिडिओ ३६० किंवा २४० पीवर येतो आणि काळोखाचे चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. कारण व्हिडिओ लहान करताना गडद भागातले बारीक फरक आधी उडवले जातात. म्हणून हळूहळू गडद होत जाणारा अंधार रंगवू नका. सपाट काळा आणि त्यात एकच ठळक उजेड ठेवा. डोंगराच्या आडोशाला, एका काडीच्या नेटवर्कवरही तो नीट दिसेल.

चेहरा कोणाचा काढणार?

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातल्या एका गावात एका वृद्ध माणसाला जादूटोण्याच्या संशयावरून जळत्या निखाऱ्यांवर नाचायला लावलं होतं. त्याचा व्हिडिओ फोनाफोनांवर फिरला आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखाद्याला करणी करणारा किंवा सैतान ठरवून त्याचा छळ करणं हा गुन्हा आहे.

वर म्हटलं ना, चित्रात जे आहे ते कोणीतरी ठरवलेलं असतं? मग हडळ काढताना तिला गावाबाहेर एकट्या राहणाऱ्या आजीचं लुगडं, तिचा वाकलेला पाठकणा देऊ नका. तुमच्यासाठी ती १० सेकंदांची क्लिप असेल. गावाच्या ग्रुपवर गेली की लोक त्या आजीकडे बोट दाखवतील आणि तेव्हा "कॅमेऱ्यात सहज आलं" असं म्हणायची सोय तुम्हाला नसेल. कारण ती रेघ तुम्हीच ओढलेली असेल.

चकव्याला चेहरा नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा. पुढच्या वेळी रात्री त्या रस्त्याने जाल तेव्हा हेडलाइटच्या कडेला काय दिसत नाही, ते नीट बघून ठेवा. तुमच्या ॲनिमेतला पहिला शॉट तिथेच सापडेल.