फ्रेंच ताळेबंद इंग्रजीत आणताना

फ्रेंच कंपनीचे हिशेब इंग्रजीत करताना शब्दकोशाआधी खातेक्रमांक पाहावा. फ्रान्समध्ये 'प्लाँ कोंताब्ल जेनेराल' ही देशभर एकच खातेसूची चालते. क्रमांकाचा पहिला आकडा खात्याचा वर्ग सांगतो: १ भांडवल व कर्जे, २ स्थिर मालमत्ता, ३ मालसाठा, ४ येणी-देणी, ५ बँक व रोकड, ६ खर्च, ७ उत्पन्न. पहिले पाच वर्ग ताळेबंदात जातात, ६ आणि ७ नफातोटा पत्रकात.

'बिलाँ' म्हणजे ताळेबंद, तर 'बालाँस' म्हणजे तेरीजपत्रक, इंग्रजीतला ट्रायल बॅलन्स. ताळेबंदात खातेक्रमांक सहसा नसतात, म्हणून तेरीजपत्रकही मागून घ्यावे.

ताळेबंदाची 'आक्तिफ' बाजू सरळ आहे: ॲसेट्स. 'पासिफ'ला मात्र लायबिलिटीज म्हणून चालत नाही, कारण त्यात भागधारकांचा निधीही येतो. आपल्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातले 'इक्विटी अँड लायबिलिटीज' हे शीर्षक इथे नेमके बसते.

आता 'आमोर्तिस्माँ' घ्या. खाते २८१ मध्ये असेल तर तो इमारती, यंत्रे यांचा घसारा, म्हणजे डिप्रिसिएशन. २८० मध्ये असेल तर पेटंट, सॉफ्टवेअर अशा अमूर्त मालमत्तेचा, म्हणजे अमॉर्टायझेशन. कर्जाबद्दल हाच शब्द आला तर मुद्दलाची परतफेड.

'रपोर आ नूव्हो' म्हणजे मागील वर्षांतून पुढे ओढलेली शिल्लक. खाते ११० असेल तर रिटेन्ड अर्निंग्ज, ११९ असेल तर साठलेला तोटा, ॲक्युम्युलेटेड लॉसेस. शेजारची 'रेझर्व्ह लेगाल' ही कायद्याने सक्तीची गंगाजळी: मागचा तोटा वजा करून उरलेल्या नफ्याचे किमान ५ टक्के दरवर्षी तिच्यात टाकायचे, ती भागभांडवलाच्या १० टक्के होईपर्यंत. तिला लीगल रिझर्व्ह म्हणावे. जनरल रिझर्व्ह म्हटले तर ही सक्ती झाकली जाते.

चौथ्या वर्गात विशेष जपावे. ४११ म्हणजे ग्राहकांकडून येणे, ट्रेड रिसीव्हेबल्स. पण ४१९१ म्हणजे ग्राहकांनी दिलेली आगाऊ रक्कम. नावात 'क्लियाँ' असले तरी ते देणे आहे. पुरवठादारांचे उलट: ४०१ देणे, ४०९१ मध्ये आपण दिलेला ॲडव्हान्स, म्हणून येणे. बुडीत येण्यांसाठीचे ४९१ हे खाते 'अलाउअन्स फॉर डाउटफुल डेट्स' होते, तर १५ मधल्या 'प्रोव्हिझियों'ना प्रोव्हिजन्स हाच शब्द योग्य.

नफातोटा पत्रकातले 'प्रोद्युई' म्हणजे इन्कम आणि 'शार्ज' म्हणजे एक्स्पेन्सेस. 'शिफ्र दाफेर' ही विक्रीची रक्कम. ती मूल्यवर्धित कर वगळून असते.

आकडेही भाषांतर मागतात. फ्रेंचमध्ये स्वल्पविराम दशांशाचा असतो आणि हजारांनंतर मोकळी जागा सोडतात. 'मिलियार' म्हणजे इंग्रजीतला बिलियन, शंभर कोटी. फ्रेंच 'बिलियों' मात्र एक लाख कोटींचा.

शेवटी दोन ताळे घ्यावेत. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे आणि ताळेबंदातला वर्षाचा निकाल, म्हणजे खाते १२, नफातोटा पत्रकाच्या शेवटच्या ओळीशी पैशापर्यंत मिळाला पाहिजे. मिळाला नाही, तर शब्दांना हात लावण्याआधी आकडे पुन्हा वाचावेत.