पाद्र्याचं घर नेमकं कुणाचं?

जुन्या इंग्लंडमधल्या गावच्या पाद्र्याचं ऐसपैस घर, शेतजमीन, दशांशाचं (पिकातल्या दहाव्या वाट्याचं) उत्पन्न पाहून वाटतं, मुलाबाळांची सोय झाली. प्रत्यक्षात हे सगळं पदाचं होतं, माणसाचं नव्हे. हयात असेतो उपभोग. डोळे मिटले की सारं पुढच्या पाद्र्याकडे, आणि घराच्या पडझडीचा खर्चही तो मृताच्या वारसांकडून मागू शके! कादंबरीकार जेन ऑस्टेनचे वडील, स्टीव्हन्टन गावचे पाद्री (रेक्टर) जॉर्ज ऑस्टेन, १८०५ मध्ये वारले आणि त्या पदाचं उत्पन्न थांबलं. पत्नी आणि थोरली लेक कॅसांड्रा यांचे मिळून वर्षाला सुमारे २१० पौंड उरले. जेनचं स्वतःचं काहीच नव्हतं. भावांनी वर्गणी काढून घर चालवलं.

कुणी म्हणेल, स्टीव्हन्टनचं पद जेनच्या थोरल्या भावाला, जेम्सला, मिळालंच की! मिळालं, पण वारसा म्हणून नव्हे. नेमणुकीचा हक्क श्रीमंत नातलग नाइट घराण्याकडे होता. हा हक्क मात्र खरी मालमत्ता: विकत घेता येई, वारशानेही जाई. तरी पद भोगायला धर्मदीक्षा हवी, आणि ती तेव्हा बायकांना बंद होती. लेकींच्या हाती मग काय राहणार? नाइटांनी दत्तक घेतलेल्या एडवर्ड या भावाने १८०९ मध्ये चॉटनचं घर दिलं, तेव्हा कुठे आई आणि बहिणींना कायमचं छप्पर मिळालं.