कलमांचा सातबारा आणि आय-८६४

रत्नागिरीची लेक अमेरिकेतल्या नवऱ्याकडे कायमची जायला निघाली, की वडील मायेने कलमांच्या बागेचा सातबारा पुढे करतात. पण मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीत मुख्यतः पाहतात ते नवऱ्याचे उत्पन्न. आय-८६४ या प्रतिज्ञापत्रात ते साधारणपणे कुटुंबाच्या आकारानुसार तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के दाखवावे लागते. कमी पडले तर दुसरा जामीनदार चालतो. मात्र तो अमेरिकेतच राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक हवा. बाग हिशेबात धरायची तर ती मुलीच्या नावावर हवी आणि वर्षभरात विकून पैसा तिकडे नेता आला पाहिजे. त्यासाठी पिकती बाग विकू नये, असे मला मनापासून वाटते. मुलींना क्वचितच कुणी सांगते, पण घटस्फोटानंतरही या प्रतिज्ञापत्राने नवऱ्यावर आलेली पत्नीच्या आर्थिक आधाराची जबाबदारी आपोआप संपत नाही.